पृथ्वी मोजणारे जॉर्ज एव्हरेस्ट

विद्यार्थी मित्रांनो, जगातील सर्वांत उंच शिखर कोणते, असे विचारले तर तुम्ही सारे एका सुरात एव्हरेस्ट असे सांगाल. पण एव्हरेस्ट हे नाव कोणाचे, असे विचारले तर? कदाचित तुम्हांला वाटेल की एव्हरेस्ट नावाचा एखादा धाडसी गिर्यारोहक असेल आणि तो सर्वांत आधी तेथे पोहोचला असेल. तसे मुळीच नाही. जॉर्ज एव्हरेस्ट त्या शिखरावर कधीही चढले नाहीत. शिखराला आपले नाव द्यावे, अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी आयुष्यभर एकच काम केले. ते म्हणजे पृथ्वी मोजण्याचे काम.

पृथ्वी मोजायची म्हणजे काय करायचे? ती काही कापडाचा तुकडा नाही की गज घेऊन मोजावी. पण माणसाने हा प्रयत्न फार पूर्वीपासून केला आहे. नवव्या शतकात खलिफा मामून यांनी इराकमधील सिंजारच्या मैदानात विद्वानांना पाठवून पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजून घेतली होती. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी नंदना येथील टेकडीवरून क्षितिजाचा कोन मोजला आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. पुढे न्यूटन यांनी सांगितले की पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही. ती स्वतःभोवती फिरते, म्हणून विषुववृत्ताजवळ फुगलेली आणि ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे. मग ती नेमकी किती चपटी आहे? याचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक होते जॉर्ज एव्हरेस्ट.

जॉर्ज यांचा जन्म ४ जुलै १७९० रोजी ब्रिटनमध्ये झाला. वूलिच येथील लष्करी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. १८०६ साली, सोळाव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात भरती होऊन भारतात आले. तोफ डागायची तर अंतर आणि कोन यांचा हिशेब अचूक असावा लागतो. या हिशेबातच त्यांचे मन रमले. १८१४ ते १८१६ या काळात त्यांनी जावा बेटाची मोजणी केली. या कामामुळे वरिष्ठांची नजर त्यांच्याकडे वळली.

त्या वेळी भारतात एक फार मोठे काम चालू होते. विल्यम लॅम्टन नावाच्या अधिकाऱ्यांनी १८०२ साली मद्रासजवळ ते सुरू केले होते. या कामाला पुढे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. त्याची पद्धत तुम्ही भूमितीत शिकला आहात. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू काढता येतात. लॅम्टन यांनी सपाट जमिनीवर एक लांब रेषा साखळीने मोजली. तिला पायारेषा म्हणतात. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे दुर्बीण रोखून त्यांनी कोन मोजले. एक त्रिकोण तयार झाला. मग त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्याच्या बाजूवर तिसरा. अशी त्रिकोणांची माळ देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकू लागली. कोन मोजण्याच्या यंत्राला थिओडोलाइट म्हणतात. लॅम्टन यांचा थिओडोलाइट इतका अवजड होता की तो वाहून न्यायला माणसांची टोळी लागे.

कंपनीला हे काम का हवे होते, हेही समजून घेतले पाहिजे. चांगला नकाशा असला की सैन्य हलवता येते, जमिनीचा सारा ठरवता येतो आणि राज्य पक्के करता येते. राज्यकर्त्यांचा हेतू हा होता. पण या कामातून जे ज्ञान मिळाले ते मात्र साऱ्या जगाचे झाले.

१८१८ साली एव्हरेस्ट हैदराबादला आले आणि लॅम्टन यांचे मुख्य साहाय्यक झाले. पहिल्याच मोसमात त्यांची कठीण परीक्षा झाली. कृष्णा आणि गोदावरी या नद्यांमधील जंगलात मोजणी चालू असताना पावसाळ्यात तापाची साथ आली. छावणीतील शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. कित्येकांनी हैदराबादला पोहोचण्यापूर्वीच वाटेत प्राण सोडले. एव्हरेस्ट वाचले, पण त्यांची प्रकृती कायमची ढासळली. हवापालटासाठी त्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे पाठवण्यात आले.

तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. लाकाय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७५२ साली केप येथे पृथ्वीची मोजणी केली होती. तिचे उत्तर विचित्र आले होते. एव्हरेस्ट यांनी त्या सर्व जागा हिंडून पाहिल्या. त्यांच्या लक्षात आले की लाकाय यांच्या मोजणीच्या टोकांजवळ डोंगर होते आणि चुकीचे मूळ त्या डोंगरांत होते.

डोंगरामुळे मोजणी कशी चुकेल? हे नीट समजून घ्या, कारण पुढची सारी कथा याच गोष्टीवर उभी आहे. तुम्ही गवंड्याला भिंत बांधताना पाहिले असेल. तो दोरीला वजन बांधून खाली सोडतो. मराठीत त्याला ओळंबा म्हणतात. उर्दूत आपण त्याला साहुल म्हणतो. ओळंब्याची दोरी सरळ खाली पृथ्वीच्या पोटाकडे जाते, असे आपण मानतो. तारे पाहून एखाद्या ठिकाणाचे अक्षांश काढताना याच दोरीच्या आधाराने यंत्र सरळ करतात. पण प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते, हा गुरुत्वाकर्षणाचा नियम आहे. जवळ प्रचंड डोंगर असेल तर तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो. दोरी तिरकी झाली की अक्षांश चुकतात. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण मोजणीत तो उतरतो. ही गोष्ट एव्हरेस्ट यांनी कायमची मनात ठेवली.

१८२१ साली ते भारतात परतले. १८२३ च्या जानेवारीत वृद्ध लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते. वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारीला त्यांचे निधन झाले. आपल्या महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्याचे हे गाव. लॅम्टन यांना तेथेच दफन करण्यात आले. त्यांचे अर्धे राहिलेले काम एव्हरेस्ट यांच्या खांद्यावर आले.

एव्हरेस्ट यांनी त्रिकोणांची माळ वऱ्हाडातून, सातपुडा ओलांडून, मध्य भारतातील सिरोंजपर्यंत नेली. त्या दिवसांत त्यांचे हातपाय जवळजवळ लुळे पडले होते. यंत्राजवळच्या आसनावर त्यांना माणसे उचलून बसवत आणि उचलून उतरवत. यंत्राचा स्क्रू फिरवायचा तर कोणीतरी त्यांचा हात धरून वर करावा लागे. तरी तारे पाहण्याचे आणि आकडे लिहिण्याचे काम त्यांनी थांबवले नाही. शेवटी १८२५ साली उपचारासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले.

इंग्लंडमधील पाच वर्षे त्यांनी नवी साधने मिळवण्यात आणि हिशेब पुरे करण्यात घालवली. साखळी उन्हाने लांबते आणि थंडीने आखडते. म्हणून लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्या वापरण्याची नवी युक्ती त्यांनी शिकून घेतली. या पट्ट्यांमध्ये एका धातूचे प्रसरण दुसऱ्याच्या प्रसरणाने भरून निघते, त्यामुळे खुणांमधील अंतर बदलत नाही. १८३० साली त्यांनी पृथ्वीच्या आकाराचे आकडे काढले. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची त्रिज्या ६३७७ किलोमीटर २७६ मीटर आणि चपटेपणा सुमारे तीनशेत एक भाग, असे त्यांचे उत्तर होते. आजच्या मोजणीप्रमाणे ही त्रिज्या ६३७८ किलोमीटर १३७ मीटर आहे. म्हणजे साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपासच्या लांबीत एक किलोमीटरचाही फरक नाही! भारताचे नकाशे पुढे पावणेदोनशे वर्षे याच आकड्यांवर आधारलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नव्या नकाशांसाठी उपग्रहांवर आधारलेले जागतिक आकडे घेण्यात आले.

१८३० साली एव्हरेस्ट परत आले ते भारताचे महासर्वेक्षक होऊन. आता समोर गंगा-यमुनेचा सपाट प्रदेश होता. टेकड्या नाहीत, दूरचे दिसत नाही, हवेत धूळ. मग सुमारे ५० फूट उंचीचे पक्के मनोरे बांधण्यात आले. दिवसा आरशांनी सूर्यप्रकाश फेकून आणि रात्री निळ्या ज्योती पेटवून एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याला खूण दिली जाई. नजरेच्या रेषेत येणारी झाडे तोडली जात, कधी घरेही पाडली जात. गावकऱ्यांना हे आवडत नसे. घरातील पडदानशीन स्त्रियांना हे लोक दुर्बिणीतून पाहतील, अशीही अनेकांना भीती वाटे. एव्हरेस्ट यांचा स्वभाव तापट होता. हाताखालच्यांना ते फार कडक शब्द बोलत. मोठ्या माणसातही उणिवा असतात, हे आपण ध्यानात ठेवावे.

पण गुणी माणूस ओळखण्यात ते चुकत नसत. कोलकात्याचे राधानाथ सिकदार १८३१ साली अठराव्या वर्षी त्यांच्याकडे गणिताच्या कामाला लागले. त्यांची बुद्धी पाहून एव्हरेस्ट यांनी त्यांना दुसऱ्या खात्यात जाऊ दिले नाही. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे तर हाताच्या कसबाचे बादशहा होते. सर्वेक्षणाची नाजूक यंत्रे दुरुस्त करण्यासाठी हेन्री बॅरो नावाचा कारागीर इंग्लंडहून आणला होता. तो नोकरी सोडून गेला तेव्हा काम बंद पडेल, अशी भीती होती. पण मीर मोहसीन यांनी ते काम समर्थपणे सांभाळले. विलायतेतील कोणत्याही कारखान्यात ते शिकले नव्हते. एव्हरेस्ट यांनी त्यांची मनापासून शिफारस केली आणि यंत्रकाराचे पद त्यांना मिळाले. मित्रांनो, शिखराचे नाव घेताना ही नावेही आठवावीत.

डेहराडूनजवळ सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा नव्या पट्ट्यांनी मोजण्यात आली. सिरोंजची पायारेषाही पुन्हा मोजली. मग सिरोंजपासून त्रिकोणांच्या हिशेबाने डेहराडूनच्या रेषेची लांबी काढली आणि प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला केवळ सुमारे ७ इंच! १८४१ साली दक्षिण टोकापासून मसुरीच्या डोंगरापर्यंतचा सुमारे २४०० किलोमीटरचा कंस पूर्ण झाला.

इतके सारे अचूक झाले, तरी एक काटा सलत राहिला. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेतील मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन जागांमधील अक्षांशांचा फरक दोन रीतींनी काढला होता. त्रिकोणांवरून तो ५ अंश २३ मिनिटे ४२.२९४ सेकंद आला. तारे पाहून तो ५ अंश २३ मिनिटे ३७.०५८ सेकंद आला. दोहोंत ५.२३६ सेकंदांचा फरक! एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यांतील हे पाच भाग. जमिनीवर ते अंतर सुमारे १६० मीटर होते. जेथे इंचाइंचाचा हिशेब, तेथे १६० मीटर कोठून आले?

हिमालय ओळंब्याला ओढील, हे एव्हरेस्ट यांना केपपासून ठाऊक होते. म्हणूनच तारे पाहण्यासाठी त्यांनी पायथ्याजवळची जागा न घेता दूर मैदानातील कलियाना निवडले होते. उरलेला फरक मोजणीतील बारीक चुकांचा असावा, असे समजून त्यांनी तो सगळ्या त्रिकोणांत वाटून टाकला. पण एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. १८४७ साली छापलेल्या आपल्या अहवालात त्यांनी दोन्ही आकडे जसेच्या तसे दिले. न जुळणारा आकडा झाकून ठेवला असता तर कोणाला कळले नसते. पण मग पुढचा शोधही लागला नसता.

तो शोध असा. कोलकात्याचे धर्मगुरू जॉन प्रॅट हे गणिती होते. त्यांनी १८५५ च्या सुमारास हिमालयाच्या वजनाचा हिशेब केला. त्याप्रमाणे फरक १५ सेकंदांहून अधिक यायला हवा होता. म्हणजे आता प्रश्न उलटा झाला. फरक आला कसा, हा प्रश्न राहिला नाही. तो इतका कमी कसा आला, हा प्रश्न उभा राहिला. एवढा मोठा हिमालय इतका हलका का? जॉर्ज एअरी यांनी सुचवले की पर्वतांना खाली जड थरात बुडालेली हलक्या खडकाची मुळे असतात. बर्फाचा तुकडा पाण्यात बराचसा बुडालेला असतो, तसेच हे. प्रॅट यांनी सुचवले की पर्वताखालचा खडकच हलका असतो. या तत्त्वाला आज समस्थायित्व म्हणतात. पाच सेकंदांच्या एका न जुळणाऱ्या आकड्याने माणसाला पर्वताच्या पोटात डोकावायला शिकवले.

एव्हरेस्ट १८४३ साली निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. त्यांच्यानंतर अँड्र्यू वॉ महासर्वेक्षक झाले. हिमालयातील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची सर्वांत अधिक आहे, हे याच सर्वेक्षणाच्या मोजण्यांतून निघाले. त्या हिशेबात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. १८५६ साली वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि आपल्या गुरूचे नाव शिखराला सुचवले. एव्हरेस्ट यांनी हरकत घेतली. हे नाव फारसीत किंवा हिंदीत लिहिता येणार नाही आणि तेथील लोकांना ते उच्चारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण १८६५ साली लंडनच्या भौगोलिक संस्थेने ते नाव मान्य केले. नेपाळमध्ये या शिखराला सगरमाथा आणि तिबेटमध्ये चोमोलुंगमा म्हणतात. १८६१ साली एव्हरेस्ट यांना सर हा किताब मिळाला होता. १ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, माणूस गेला तरी त्याचा प्रश्न मागे राहतो. ओळंबा कोठे किती झुकतो, हे शोधायचे तर ठिकठिकाणचे गुरुत्वाकर्षण मोजायला हवे होते. त्यासाठी कॅप्टन बॅसेव्ही १८६५ पासून लंबक घेऊन भारतभर फिरले. लंबकाचा झोका जेथे मंद, तेथे गुरुत्वाकर्षण कमी. १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर हेच काम करताना त्यांचा मृत्यू झाला. पण जमिनीवर एकेका जागी मोजून सारी पृथ्वी कशी पुरी होणार? समुद्र, वाळवंटे, बर्फाळ प्रदेश मोकळेच राहिले.

मग माणसाने उपग्रह सोडले. २००२ साली ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून, पृथ्वीभोवती फिरू लागले. खाली जड भाग आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई आणि दोघांमधील अंतर बदले. केसाच्या जाडीहून लहान बदलही यंत्र टिपत असे. २००९ ते २०१३ या काळात गोसे नावाच्या उपग्रहाने आणखी खालून, सुमारे २५५ किलोमीटर उंचीवरून, गुरुत्वाकर्षण मोजले.

उपग्रह सर्व जगावरून फिरतो, पण उंचीवरून त्याला बारीक गोष्टी कळत नाहीत. तुम्ही टेकडीवर उभे राहून गाव पाहिले तर सारे गाव एकदम दिसते, पण गल्लीतील दारे दिसत नाहीत. गल्लीत फिरलात तर दारे दिसतात, पण गावाचा आकार कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ उपग्रहांच्या मोजण्या आणि जमीन, जहाज व विमान यांवरून केलेल्या मोजण्या एकत्र करतात. कोणती मोजणी किती विश्वासाची, हे पाहून तिला तेवढे वजन देतात. २००८ साली तयार झालेल्या अशा एका नमुन्यात सुमारे ९ किलोमीटरपर्यंतचा बारकावा आला.

यातून पृथ्वीचा जो आकार मिळाला त्याला जिऑइड म्हणतात. समुद्राचे शांत पाणी जमिनीखालूनही पसरले आहे, असे मानले तर त्याचा जो पृष्ठभाग होईल, तो हा आकार. तो चपट्या गोलासारखा आहे, पण अगदी गुळगुळीत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो १०० मीटरहून अधिक खाली दबलेला आहे, तर न्यू गिनीजवळ ८० मीटरांच्या वर उचललेला आहे. समुद्रसपाटीपासून उंची असे आपण म्हणतो, ती याच पृष्ठभागापासून मोजतात. एव्हरेस्ट शिखराखाली समुद्र नाही. मग समुद्रसपाटी तेथे कोठे आहे, हे गुरुत्वाकर्षणच सांगते. म्हणून नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या संदेशांबरोबर गुरुत्वाकर्षणाच्या मोजण्याही घेतल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये ८८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली.

पाहिलेत? ज्या ओळंब्याने एव्हरेस्ट यांना कोडे घातले, त्याच ओळंब्याच्या अभ्यासातून त्यांच्या नावाच्या शिखराची उंची ठरली. उद्या तुमच्या वहीत एखादे उत्तर जुळले नाही, तर ते घाईने खोडू नका. ते स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा आणि ते का जुळत नाही, हा प्रश्न आपल्या शिक्षकांना जरूर विचारा.